गुलाबी ट्यूब

जनुकांना आवर घालणारे इवलेसे रेणू, म्हणजे मायक्रोआरएनए, शोधल्याबद्दल अँब्रोस आणि रवकुन यांना २०२४ चं नोबेल जाहीर झालं, तेव्हापासून भेटेल तो विचारतो: मायक्रोआरएनए एवढं महत्त्वाचं, तर रोग ओळखणारी त्याची साधी रक्ततपासणी अजून का नाही? आणि वर, "तुम्ही तर त्यावरच काम करत होतात ना?" त्यातलं 'होतात' फार टोचतं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं सांगते.

रोगाशी संबंध आहे, तो नाकारत नाही. एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात, क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियात, निम्म्याहून अधिक रुग्णांच्या पेशींत १३ व्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असतो. मिर-१५ए आणि मिर-१६ ('मिर' म्हणजे मायक्रोआरएनए, पुढे त्याचा क्रमांक) यांची एक जोडी तिथेच असते, हे २००२ मध्ये कळलं. मिर-९६ मध्ये मोक्याच्या जागी एक अक्षर बदललं की घराण्यात बहिरेपण उतरतं. हेपटायटिस सी चा विषाणू तर यकृतातल्या मिर-१२२ च्या जिवावरच वाढतो. इथे दोष कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येतं. रक्तात एखादा रेणू वाढलेला दिसणं ही निराळी गोष्ट, आणि मी नेमकी तिथेच फसले.

आमच्याकडे कर्करोगाच्या रुग्णांचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणारा द्रव, होता आणि निरोगी लोकांचा. मिर-४५१, मिर-४८६, मिर-१६ रुग्णांत कितीतरी जास्त. आलेख इतका देखणा की एका परिषदेत पोस्टर लगेच लावून टाकलं. लोक थांबून फोटो काढत होते. परत आल्यावर प्रयोगशाळेतली सगळ्यात नवी मुलगी रॅक उजेडाकडे धरून सहज म्हणाली, "ताई, रुग्णांच्या ट्यूब ओळखायला मशीन कशाला? रंगावरूनच कळतंय."

खरंच कळत होतं. रुग्णांचा प्लाझ्मा गुलाबी, निरोगींचा पिवळसर. रुग्णांचं रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवून पेशी वेगळ्या करणाऱ्या यंत्रात, जाण्याआधी कित्येक तास तसंच पडून राहायचं, तांबड्या पेशी फुटायच्या. आणि या तिन्ही मायक्रोआरएनएंनी तांबड्या पेशी ठासून भरलेल्या असतात. त्या रात्री प्रत्येक ट्यूब ४१४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजली, म्हणजे त्यात हिमोग्लोबिन किती सांडलंय ते. माझी 'रोगाची खूण' हिमोग्लोबिनच्या मागोमाग चालत होती. गाठ लहान की मोठी, याचं तिला सोयरसुतक नव्हतं. गुलाबी ट्यूब वगळल्या आणि फरक नाहीसा झाला. अडीच वर्षं गेली.

चूक रक्त घेणाऱ्यांची नव्हती. त्यांच्यासमोर रुग्ण होते, माझा प्रबंध नव्हता. रक्त किती वेळात फिरवायचं, हे मी लिहून दिलेल्या सूचनांत नव्हतंच. पण तेव्हा ते कोण लिहीत होतं? २०११-१२ मध्ये हेच इशारे इतरांनी छापले, तेव्हा मला हायसं वाटलं. मग लाजही वाटली, कारण आमचं अपयश आम्ही छापलं नव्हतं. छापलं असतं तर कुणाची तरी अडीच वर्षं वाचली असती. की कुणी वाचलंच नसतं? मला अजून ठरवता येत नाही.

औषधाचंही विचाराल. मिर-३४ ची नक्कल करणारं एक औषध माणसांवरच्या पहिल्याच टप्प्यात, २०१६ मध्ये, थांबवावं लागलं. काही रुग्णांची प्रतिकारशक्ती भलतीच खवळली. एक मायक्रोआरएनए शेकडो जनुकांना आवर घालतो, हे आम्ही भाषणांत कौतुकाने सांगायचो. शेकडो ठिकाणी हात लावल्यावर काय होईल, हा प्रश्न भाषण संपल्यावर यायचा.

प्रबंधात मी लिहिलं होतं की पाच वर्षांत ही तपासणी दवाखान्यात पोहोचेल. ते वाक्य लिहिणारीला मूर्ख म्हणायला जीभ रेटत नाही. तिच्या हातात तेव्हा तोच आलेख होता. मात्र तिने एकदा रॅककडे नीट बघायला हवं होतं.

रुग्णांच्या ट्यूबपैकी अकरा स्वच्छ होत्या. उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये त्या अजून आहेत. अकरा नमुन्यांवर काही सिद्ध होत नाही, हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी बजावते. फ्रीजर साफ करायची वेळ आली की तो डबा मात्र मीच उचलून पुन्हा मागे सरकवते.