आमची वाटचाल : प्लायच्या भिंती आणि पितळी ओळंबा

१९९९ साली अल्फा मराठी (आताची झी मराठी) वाहिनी सुरू झाली, त्याच वर्षी आम्ही सेट उभारायच्या धंद्यात उतरलो. रोजच्या मालिकांना रोजचा दिवाणखाना, देवघर, जिना लागायचा. कामाला तोटा नव्हता.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे पेंटर या शब्दाला मान आहे. बाबूराव पेंटरांनी नाटकांचे पडदे रंगवता रंगवता कॅमेरा बनवला, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्या साहेबमामा फत्तेलालांनी प्रभात फिल्म कंपनीचे सेट उभे केले. माझे वडील दुकानांच्या पाट्या रंगवत. ब्रश कसा धुवायचा ते मी त्यांच्याकडून शिकलो. बाकीचं सगळं मामांनी शिकवलं.

मामा म्हणजे माझे भागीदार, सावंतवाडीकडचे सुतार. निम्मी-निम्मी भागीदारी, कागद नाही. गुण्या, पटाशी, रंधा आणि त्यांच्या वडिलांचा पितळी ओळंबा, म्हणजे भिंत सरळ उभी आहे का ते बघायचं दोरीला बांधलेलं वजन, एवढं घेऊन ते आले. तीन महिन्यांनी मोडायचा सेट, पण प्रत्येक फ्लॅट, म्हणजे चौकटीवर प्लाय ठोकलेली सेटची भिंत, ते ओळंब्यात घ्यायचे. कोणी घाई केली की म्हणायचे, "हिरोईन रागानं दार आपटणार. भिंत हलली तर तुझं घर खोटं." फ्लॅटला मागून तिरपा टेकू आणि चौकटीला जादा बॅटन (लाकडी पट्टी), ही आमची पद्धत तेव्हापासूनची. पांढरा रंगही आम्ही कधी निव्वळ पांढरा मारला नाही. दिव्याखाली तो फटफटीत दिसतो, म्हणून त्यात थोडा राखाडी, थोडी पिवळी माती. शेवटी स्विचच्या भोवती आणि दाराच्या कडेला बोटांचा मळ.

आता २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि आमचं गोदाम कुर्ल्यात, मिठी नदीपासून हाकेच्या अंतरावर. दोन दिवसांनी शटर वर केलं तेव्हा चिखलाची रेघ माझ्या छातीपर्यंत होती. प्लाय पुरीसारखा फुगलेला, हात लावला की पापुद्रे सुटत होते. सहा वर्षांची प्रॉपर्टी, म्हणजे सेटवर मांडायचं सामान: सोफे, तसबिरी, पडदे, सगळ्याला एकच वास. वाचलं ते एका पडक्या वाड्यातून आणलेलं सागवानी दार आणि मामांची हत्यारांची पेटी, कारण ती ते माळ्यावर ठेवत.

त्या आठवड्यात एका नव्या मालिकेचा वाडा उभा करायचा होता. ड्रॉइंग मंजूर होती. मी निर्मात्यांकडे आठ दिवस मागितले, "बघतो" म्हणाले. पाचव्या दिवशी एका लाइटमनचा फोन आला की गोरेगावात तुमचा सेट चढतोय, पण तुम्ही कुठे दिसत नाही. जाऊन पाहिलं. आमच्याकडेच चार वर्षं शिकलेला साहाय्यक उभा राहून काम करून घेत होता. अकरा पायऱ्यांचा जिना, वळणावर कोनाडा, कोनाड्याच्या वर काजळीचा डाग. तो कोनाडा आमच्या कोल्हापूरच्या घरातला होता. आई त्यात चिमणी ठेवायची. त्यानं डागसुद्धा सोडला नव्हता. मी काही न बोलता परत आलो. मालिका तीन वर्षं चालली आणि शेवटच्या पाटीवर त्याचं नाव. आमचं आधीचं बिल "वेळेत काम दिलं नाही" म्हणून कापलं गेलं. वीस वर्षं होत आली, मी ते विसरलेलो नाही.

तेव्हा दादरच्या एका नाट्यनिर्मात्या बाई गोदामात आल्या. चिखलात चपला हातात घेऊन. फुगलेल्या प्लायच्या थप्पीवर पंचवीस हजार ठेवले आणि म्हणाल्या, "पेंटर, जानेवारीत शुभारंभ आहे. दोन अंकी, दौऱ्याचं नेपथ्य. टेम्पोत मावलं पाहिजे." मामांनी सगळे जोड पिनच्या बिजागऱ्यांवर घेतले. पिना उपसल्या की भिंत पुस्तकासारखी मिटायची. सकाळचा प्रयोग एका गावात आणि रात्रीचा दुसऱ्या, तरी कधी उशीर झाला नाही. बाईंची त्यानंतरची सगळी नाटकं आम्हीच केली. त्यांनी एकदाही दर पाडून मागितला नाही.

नवीन मुलांना सांगतो. प्लाय जमिनीवर ठेवू नका, खाली विटा घाला. ड्रॉइंगच्या प्रत्येक पानावर तारीख आणि सही करा, आणि आगाऊ रक्कम आल्याशिवाय मूळ प्रत देऊ नका. श्रेयनामावलीत नाव कसं येणार ते करारात लिहून घ्या. हल्ली सगळे स्वतःला प्रॉडक्शन डिझायनर म्हणवतात. हे पद हॉलिवूडच्या विल्यम कॅमेरॉन मेंझीसला १९३९ साली मिळालं, ते अख्ख्या चित्रपटाचं दृश्यरूप सांभाळल्याबद्दल. सोफा भाड्यानं आणला म्हणून ते लावू नये.

पुढची वर्षं बरी गेली. २०२० मध्ये शूटिंग बंद पडली, तेव्हाही कारागिरांना निम्मा पगार दिला.

मामा आता नाहीत. ओळंबा माझ्याकडे आहे. परवा एका वेब मालिकेसाठी चाळीची खोली उभी केली. रात्री अकराला सगळे निघायच्या घाईत होते. मी दाराच्या भिंतीला दोरी सोडली, पाव इंच बाहेर होती. टेकू काढायला लावले आणि भिंत परत उभी केली. सकाळी सातला कॅमेरा लागला.