कॉक्लिअर इम्प्लांटचं टेस्टिंग: ओटीपासून मॅपिंगपर्यंत माझा अनुभव

लेकीचं कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू न येणाऱ्या कानात बसवायचं, कानाच्या नसेला थेट करंट देणारं यंत्र) झालं त्या दिवशी ओटीतून, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधून, सर्जनच्या आधी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञ, मॅडम बाहेर आल्या आणि म्हणाल्या, इम्पिडन्स सगळे ओके आहेत, नर्व्हचा रिस्पॉन्स पण छान आलाय. आमच्या दोघांच्याही डोळ्यांत पाणीच आलं. पण लगेच त्यांनी हेही सांगितलं की याचा अर्थ इम्प्लांट नीट चालतंय आणि नस प्रतिसाद देतेय, एवढाच, ऐकायला शिकणं अजून सुरू व्हायचंय. हे त्यांनी तेव्हाच स्पष्ट सांगितलं म्हणून मी त्यांचे कायम आभार मानते, कारण पुढे तेच सारखं कामी आलं. प्रत्येक टेस्ट एका ठराविक प्रश्नाचं उत्तर देते आणि कुठली टेस्ट कशाचं उत्तर देते हे आईबापांना कळलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

ओटीत काय काय झालं ते मॅडमनी नंतर प्रिंट समोर ठेवून समजावलं. सर्जन इलेक्ट्रोडची बारीक तार कॉक्लियाच्या, म्हणजे आतल्या कानातल्या शंखासारख्या भागाच्या, आत सरकवतात, तिच्यावर ब्रँडप्रमाणे न्यूक्लिअसच्या इम्प्लांटला २२, ॲडव्हान्स्ड बायोनिक्सला १६ आणि मेड-एलला १२ ठिकाणी आवाज देण्याची सोय असते. तार बसली की निर्जंतुक कव्हरमधली कॉइल कातडीवरून इम्प्लांटवर धरतात आणि ती लॅपटॉपला जोडलेली असते. मग आधी इम्पिडन्स. प्रत्येक इलेक्ट्रोडमधून अगदी थोडा करंट सोडून त्याला किती अडथळा होतो ते किलोओहममध्ये मोजायचं. खूप जास्त आला तर सर्किट ओपन, फारच कमी आला तर दोन इलेक्ट्रोड आपसात शॉर्ट. आमच्या वेळी कॉक्लियाच्या तोंडाजवळच्या एका इलेक्ट्रोडची पट्टी लाल आली होती. मॅडम म्हणाल्या तिथे हवेचा बुडबुडा अडकला की असं होऊ शकतं, म्हणून घाई न करता थोडा वेळ थांबून परत टेस्ट घेतली आणि आकडा खाली आला. आम्ही बाहेर बसलो होतो आणि आत हे चाललंय याची आम्हाला कल्पनाही नव्हती!

दुसरी टेस्ट नर्व्हची. न्यूक्लिअसमध्ये तिला एनआरटी म्हणतात, ॲडव्हान्स्ड बायोनिक्समध्ये एनआरआय आणि मेड-एलमध्ये एआरटी, पण काम एकच. एका इलेक्ट्रोडने नसेला टोचणी द्यायची आणि नसेचं उत्तर शेजारच्या इलेक्ट्रोडने टिपायचं. प्रिंटवर एक छोटी रेघ दिसते, आधी खाली बुडी आणि मग वर टेकडी, आणि हे सगळं एका मिलिसेकंदाच्या आत संपतं. करंट कमी करत गेलं की ती टेकडी सपाट होत जाते आणि जिथे दिसेनाशी होते त्याच्या आसपास त्या इलेक्ट्रोडचा थ्रेशोल्ड, म्हणजे नस उत्तर देते तो सगळ्यात कमी करंट. पोर भूल दिलेलं, गाढ झोपेत, आणि तरी तिच्या कानाच्या नसेने दिलेलं उत्तर कागदावर! तो प्रिंट मी अजून फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवलाय.

इथे एक गोष्ट नक्की सांगते, कारण थेरपीला येणाऱ्या एका आईला यावरून फार त्रास झाला होता. तिच्या मुलाचा ओटीत नर्व्ह रिस्पॉन्स आलाच नाही आणि ती पार कोसळली. रिस्पॉन्स आला तर उत्तम, पण नाही आला म्हणजे ऐकूच येणार नाही असं अजिबात नाही, ओटीत काहीच न मिळालेली मुलं पुढे छान ऐकतात. कॉक्लियाची रचनाच वेगळी असेल किंवा नस बारीक असेल तर ईएबीआर नावाची टेस्ट करून सिग्नल ब्रेनस्टेमपर्यंत, म्हणजे मेंदूच्या बुडाशी, पोचतोय का ते बघता येतं. तिचं पोरगं आज हाकेला वळतं.

याशिवाय स्टेपेडियस रिफ्लेक्स. मोठा आवाज आला की कानातला हा इवलासा स्नायू आपोआप आखडतो, तर इलेक्ट्रोडमधून करंट देऊन सर्जन मायक्रोस्कोपमधून त्याची हालचाल बघतात. स्नायू सैल करणारं औषध दिलेलं असेल तर तो हलत नाही, भुलीच्या गॅसनेही दबतो, म्हणून भूलतज्ज्ञांना आधीच सांगून ठेवावं लागतं. शेवटी टेबलवरच एक्स-रे, कारण तारेचं टोक आत दुमडलं असेल तर इम्पिडन्स नॉर्मल येऊनही ते कळत नाही, फोटोतच दिसतं. तार नीट गोल फिरलेली दिसली आणि मगच बाकीचं आवरून टाके घातले.

मग जखम भरेपर्यंत थांबायचं. स्विच ऑन, म्हणजे इम्प्लांट पहिल्यांदा सुरू करणं, साधारण दोन ते चार आठवड्यांनी करतात, काही ठिकाणी त्याच्याही आधी. त्या दिवशी पहिल्यांदा परत इम्पिडन्स घेतले तर सगळे ओटीपेक्षा वाढलेले. मी दोन्ही प्रिंट शेजारी धरून बघत होते, पोटात गोळाच आला. पण हे अपेक्षितच असतं, इलेक्ट्रोडभोवती शरीर स्वतःचं आवरण तयार करतं म्हणून आकडा चढतो आणि रोज करंट वाहायला लागला की उतरतो. आमचेही पुढच्या मॅपिंगला, म्हणजे इम्प्लांटचं सेटिंग ठरवण्याच्या भेटीत, उतरले.

स्विच ऑनचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेले असतात, मूल एकदम हसतं, आई रडते. माझी लेक हसली नाही की रडली नाही. ती खोक्यातले ठोकळे काढत होती, मॅडमनी एक इलेक्ट्रोड हळूहळू वाढवत नेला आणि एका क्षणी तिचा हात ठोकळ्यासकट हवेत तसाच थांबला. बस एवढंच. मॅडमनी तिथे खूण केली आणि पुढच्या इलेक्ट्रोडकडे वळल्या. तुमच्या मुलाने त्या दिवशी काहीच केलं नाही तरी प्लीज खचू नका, आवाज म्हणजे काय हेच त्याला माहीत नसतं, तर त्यावर काय करायचं ते कसं माहीत असणार.

मॅप म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोडची खालची आणि वरची मर्यादा. खालची टी लेव्हल, म्हणजे जेमतेम ऐकू येतं ती, आणि वरची सी किंवा एम लेव्हल, म्हणजे मोठा पण सोसवेल असा आवाज. मोठी माणसं सांगू शकतात की हळू वाटतंय, ठीक वाटतंय, जास्त होतंय. दीड वर्षाचं मूल कुठून सांगणार, म्हणूनच ओटीतले आकडे इथे उपयोगी पडतात, त्यांच्यावरून मॅपचा साधारण आकार धरायचा आणि आवाज मुद्दाम बराच खाली ठेवून सुरुवात करायची. पण नर्व्हचा थ्रेशोल्ड म्हणजे टी लेव्हल नव्हे आणि सी लेव्हलही नव्हे, बऱ्याचदा तो या दोघांच्या मध्ये कुठेतरी पडतो आणि प्रत्येकात वेगळ्या ठिकाणी पडतो. त्यामुळे फक्त त्या आकड्यांवर मॅप बनवून मोकळं होणं मला पटत नाही. मूल काय करतंय ते बघायलाच लागतं.

बघण्याचं हे काम फार बारीक असतं. एका मॅपिंगला एक इलेक्ट्रोड वाढवताना लेकीच्या त्याच बाजूच्या डोळ्याचा कोपरा लुकलुकला. मला वाटलं झोप आलीये, पण मॅडमनी लगेच हात थांबवला, परत तोच इलेक्ट्रोड दिला, परत लुकलुक. चेहऱ्याची नस कॉक्लियाच्या अगदी जवळून जाते, करंट तिच्यापर्यंत पोचला की असं होतं. आधी सेटिंग बदलून बघितलं, तरी थांबेना म्हणून तो इलेक्ट्रोड बंद केला आणि त्याच्या फ्रिक्वेन्सी बाकीच्यांत वाटून टाकल्या. तेव्हा जिवाला लागलं, पण एखादा बंद ठेवल्याने तिच्या ऐकण्यात काही फरक पडलेला आम्हाला दिसला नाही.

थोडी मोठी झाल्यावर खेळातली टेस्ट. आवाज आला की रिंग खांबात टाकायची. त्याआधी लहान असताना आवाजाकडे वळली की खेळण्याचा दिवा लागायचा. रिंगवाली टेस्ट सुरू झाल्यापासून टी लेव्हल खूप नेमक्या मिळायला लागल्या, सलग बऱ्याच इलेक्ट्रोडच्या बदलल्या सुद्धा. वरच्या पातळीसाठी दुसऱ्या कानात प्रोब लावून परत तोच रिफ्लेक्स बघितला. पहिल्या वेळी सर्दीमुळे कानात पाणी होतं तर आलाच नाही, बरी झाल्यावर व्यवस्थित आला. त्यामुळे सर्दी असेल तर फोन करून आधीच विचारा.

मग प्रोसेसर, म्हणजे इम्प्लांटचा बाहेर लावायचा भाग, घालून स्पीकरसमोरचा ऑडिओग्राम, म्हणजे किती हळू आवाज ऐकू येतो त्याचा आलेख. आमचा बहुतेक ठिकाणी ३० डेसिबलच्या आसपास आला. रिपोर्ट हातात आल्यावर घरचे सगळे म्हणाले झालं की मग, नॉर्मलच ऐकते आता! नाही हो. तो रिपोर्ट एवढंच सांगतो की हळू आवाज तिला कळतो. शब्द कळतो का, गोंगाटात कळतो का, ते वेगळं तपासावं लागतं आणि त्यासाठी आधी थेरपीत भाषा यावी लागते.

घरी आम्ही रोज सकाळी प्रोसेसर लावला की लिंग नावाच्या तज्ज्ञांच्या टेस्टमधले सहा ध्वनी घेतो, आ, ई, ऊ, म, श, स. ओठ दिसू द्यायचे नाहीत, शक्यतो मागून बोलायचं, आणि प्रत्येक वेळी मधला थांबा वेगळा ठेवायचा, नाहीतर मुलं ताल पकडून अंदाजाने उत्तर देतात. फुंकर जाणवेल इतकं जवळूनही बोलायचं नाही. पहिल्यापासून ऊ आणि म पक्के होते, स डळमळीत. मग एकदा असं झालं की श पण जायला लागला, दोन दिवसांपूर्वी येत होता आणि अचानक नाही. आम्ही बॅटरी बदलली, केबल बदलली, कॉइल बदलली, काही नाही. शेवटी मायक्रोफोनचं कव्हर बदललं आणि श परत आला, घामाने आणि धुळीने ते बुजलं होतं. तरीही मॅडमनी बोलावून इम्पिडन्स घेतलेच, कारण बाहेरचं सगळं बदलूनही फरक पडत नसेल तर आतल्या इम्प्लांटची शंका घ्यावी लागते आणि मग कंपनीकडून इंटेग्रिटी टेस्ट, म्हणजे आतलं यंत्र नीट चालतंय का याची तपासणी, करून घेतात. आमची वेळ तिथपर्यंत आली नाही.

दर वेळी इम्पिडन्सचा प्रिंट, मॅपची कॉपी आणि प्रोसेसर दिवसाला सरासरी किती तास लावला गेला त्याचा डेटालॉग मागून घ्या, ओटीतला पहिला प्रिंट तर नक्कीच. ऑडिओलॉजिस्ट बदलला, गाव बदललं तरी तुलना करायला तो हाताशी असतो. सध्या आमचा स अजून लांबून सुटतो, जवळून येतो, तर पुढच्या मॅपिंगला वरच्या फ्रिक्वेन्सीचे इलेक्ट्रोड परत तपासायचं ठरलंय, आणि कुठून किती लांबपर्यंत येतो ते मी रोज वहीत लिहून ठेवतेय.