ताटासमोरचं पुस्तक

एकटी राहणारी बाई रात्री जेवायला बसली की ताटासमोर काहीतरी लागतं. टीव्ही लावला तर कुणी नावं ठेवत नाही, मोबाइलला तर नाहीच नाही. पुस्तक उघडलं की मात्र कुठूनतरी आजीचा आवाज येतो, ‘जेवताना वाचू नये, अन्न अंगी लागत नाही.’ अन्न अंगी लागण्याची चिंता चाळिशीनंतर उरत नाही; ते न वाचताही लागतं.

खरी अडचण खरकट्याची. पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करणारी माणसं आपण, खरकटा हात लावणं फारच झालं. म्हणून कामाची वाटणी ठरते. उजव्या हातानं जेवायचं आणि डाव्यानं पान उलटायचं. ज्या डाव्या हातात प्रसादही घेत नाहीत, त्याच्याकडे अशी सरस्वती सोपवली जाते. पोळी एका हातानं तोडायची कला आपल्याकडे लहानपणीच येते, तिचा खरा उपयोग इथे कळतो.

पण पान उलटणं सोपं. पुस्तक उघडं राहणं अवघड. आणि इथे लेखकापेक्षा बाइंडर महत्त्वाचा ठरतो.

जुनी मराठी पुस्तकं जुजबंदी असत. सोळा-सोळा पानांचा फर्मा, म्हणजे छापलेला मोठा कागद, घडी घालून, घडीतूनच दोऱ्यानं शिवलेला. असं पुस्तक टेबलावर ठेवलं की शांतपणे पसरतं. हल्लीच्या बऱ्याच पुस्तकांत घडीची बाजू कापून टाकतात आणि सुटी झालेली पानं गरम सरसाच्या पट्टीत बसवतात. याला ‘परफेक्ट बाइंडिंग’ म्हणतात. नाव ठेवणारा जेवताना वाचत नसावा. हे पुस्तक हात काढला की मिटतं. जबरदस्तीनं दाबलं तर सरसाला तडा जातो आणि पुढच्या वाचनाला बावन्नावं पान हातात येतं. लायब्ररीतल्या पुस्तकांची तिसरीच तऱ्हा. पानं सुटली की बाइंडर कडेनं टाके मारतो, त्यात आतल्या समासाचा अर्धा इंच जातो. मग डाव्या पानावर ओळीचा शेवटचा शब्द आणि उजव्या पानावर पहिला, खाचेत डोकावून वाचायचा. आमटी-भात खाताना हे जमत नाही.

नवं पुस्तक आणलं की ते मोडून घ्यावं, म्हणजे सैल करावं. पाठ टेबलावर टेकवून पुस्तक उभं धरायचं, दोन्ही पुठ्ठे बाजूला पाडायचे. मग पुढची दहा-बारा पानं बोटानं आतल्या कडेला हलके दाबायची, मग मागची दहा-बारा, असं आलटून पालटून मधोमध यायचं. पाच मिनिटांचं काम. एकदम मधे उघडून दाबलं की तिथेच कायमची खूण पडते, आणि पुढे पुस्तक कुणीही उचललं तरी नेमकं तेच पान उघडतं. ते पान कुठलं, यावर बरंच अवलंबून.

एवढं करूनही पुस्तकाची पहिली आणि शेवटची तीसेक पानं टेबलावर राहत नाहीत. एका बाजूला जाड गठ्ठा, दुसऱ्या बाजूला नुसता पुठ्ठा, वजन जमत नाही. त्यामुळे प्रेमकथेतली ओळख आणि प्रेमकथेचा शेवट हातात धरूनच वाचावा लागतो. मधला रुसवाफुगवा, गैरसमज, दोघांची वेगवेगळ्या शहरांत बदली, हे सगळं आपोआप उघडं राहतं. ते जेवताना वाचावं.

उघडं ठेवायला लोक काय काय वापरतात! लोणच्याची बरणी टेकवतात, तिच्या बुडाला नेहमीच तेलाचं कडं असतं. तांब्या नको; त्यात गार पाणी असलं की बाहेरून घाम येतो आणि पानावर गोल उमटतो. मोबाइल आडवा ठेवला तर तो मधेच उजळतो आणि वाचन तिथे संपतं. कपड्यांचा चिमटा चालतो, पण दर पानाला काढा-लावा. सर्वांत चांगली वाळूची सुरळी. जुन्या ब्लाउजपीसची नऊ इंच लांब, दीड इंच रुंद पिशवी शिवायची, धुऊन खडखडीत वाळवलेली बारीक वाळू पाऊण भरायची, तोंड दुहेरी टीप मारून बंद. साधारण सव्वाशे ग्रॅम होते. अशा दोन केल्या की दोन पानांवर दोन आडव्या पडतात, आणि पाऊण भरलेली असल्यामुळे पानाच्या वळणावर नीट बसतात. गच्च भरली तर दांडक्यासारखी गडगडते. वाळूऐवजी तांदूळ भरू नयेत, पावसाळ्यात पोरकिडे होतात. जुनी हस्तलिखितं हाताळणाऱ्या ग्रंथालयांतही अशाच वजनदार कापडी सुरळ्या वापरतात, त्यामुळे यात बिचकण्यासारखं काही नाही.

पोथीचं लाकडी व्यासपीठही मिळतं, कैचीसारखं उघडणारं. खरं तर सुटी आडवी पानं असलेली पोथी ही जेवताना वाचायला आदर्श वस्तू. मिटायचा प्रश्नच नाही. आणि नेमकी तीच अंघोळ करून, उपाशीपोटी वाचायची!

पदार्थही बघून घ्यावा. पिठलं-भात, मुगाची खिचडी, दहीभात हे वाचनाचे मित्र. सुरमईची तुकडी ठीक, मधला काटा एकदा बाजूला केला की झालं. करली असेल तर पुस्तक आत ठेवावं, तिच्या बारीक काट्यांना दोन्ही डोळे लागतात. शेवग्याच्या शेंगेला एक हात पुरतो, पण ती चावताना मान वर होते आणि ओळ हरवते. थालीपीठ तेलकट, तरी माफ.

आणि कांदेपोहे. एकटीच्या रात्रीच्या जेवणाला याहून सोयीचं काही नाही. चमच्यानं खाता येतात, म्हणजे हात खरकटा होतच नाही. दीड वाटी जाडे पोहे चाळणीत घेऊन नळाखाली धुवायचे आणि दहा मिनिटं चाळणीतच निथळू द्यायचे. पातेल्यात पाण्यात ठेवले की लगदा. त्यांनाच मीठ आणि अर्धा चमचा साखर लावून ठेवायची. एक मध्यम कांदा, दोन मिरच्या, कढीपत्ता, पाव चमचा हळद. हळद फोडणीत आच कमी करून घालायची, नाहीतर करपून कडवट होते. पोहे घातल्यावर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवून तीन मिनिटं वाफ. चुकतं ते कांद्याशी. पोहे निथळतात ती दहा मिनिटं वाचायला चांगली, पण पुस्तक हातात ठेवूनच फोडणीला उभं राहिलं की ‘एवढा परिच्छेद संपवते’ म्हणेपर्यंत कांदा गुलाबीवरून काळ्यावर जातो.

याच पदार्थाच्या नावानं आपल्याकडे मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम ओळखला जातो, ही मराठीची गंमत. त्या कार्यक्रमात दोन्ही बाजूंच्या बायोडेटात ‘छंद : वाचन’ असतं. त्याचा अर्थ ‘विशेष काही नाही’ असा घ्यायची पद्धत आहे. कुठली पुस्तकं वाचता, या प्रश्नाचं उत्तर पाठ करून येता येतं. ‘जेवताना वाचता का?’ हे विचारून बघावं. समोरच्याच्या आईचा चेहरा पडेल, पण मुलगा दचकला की हसला यावरून बरंच कळतं.

शिकलेली, कमावती, लग्नाविना राहिलेली बाई मराठी कथेत ठळकपणे आली ती 1933 साली, ‘कळ्यांचे निःश्वास’मध्ये. लेखिकेनं विभावरी शिरूरकर हे टोपणनाव घेतलं होतं, आणि पुस्तकातल्या मजकुराइतकीच ही बाई कोण याची चर्चा गाजली. त्या मालतीबाई बेडेकर. त्याआधी रमाबाई रानड्यांना तर नवऱ्याचाच आग्रह असूनही घरातल्या बायकांची बोलणी खात शिकावं लागलं होतं. आता एकटीच्या घरात बोलायला कुणी नाही. ही सोय आहे. रविवारी दुपारी कधीकधी ती जरा जास्तच सोय वाटते.

एक मात्र खटकतं. लायब्ररीतल्या प्रेमाच्या कादंबऱ्यांत नायिका चहाचा ट्रे आणते, कॉफीत साखर किती विचारते, डोंगरावर सहलीलाही जाते, पण कुकर घासत नाही. जेवलीच तर दोन घास. जेवणाचा खरा पुरावा पानांवर असतो, आधीच्या वाचणारीचा. पावसात अडकल्याच्या प्रसंगाला हळदीचा अंगठा हमखास. म्हणजे डाव्या हाताचा नियम तिथे विसरला गेला.

हा डाग पडला तर चोळू नये आणि साबणाच्या पाण्याचा बोळा तर मुळीच फिरवू नये; साबणाच्या खारानं हळद लाल होते. कोरड्या टिपकागदानं टिपून घ्यावं आणि तेवढंच पान उन्हात धरावं, बाकीची झाकून. हळदीचा रंग उन्हानं उडतो, पण फार वेळ ठेवलं तर कागदच पिवळा पडतो, म्हणून तासाभरानं बघत राहावं. तेलाचा डाग वेगळा. तेल कागदाच्या धाग्यांमधल्या हवेची जागा घेतं, म्हणून तिथे पलीकडची अक्षरं दिसायला लागतात. दोन्ही बाजूंनी टाल्कम पावडर भुरभुरायची, कोरा कागद ठेवून वर वजन, आणि दुसऱ्या दिवशी झटकायचं. पूर्ण जात नाही, पण पुढच्या पानांत उतरत नाही. भाताचं शीत मात्र तेव्हाच्या तेव्हा उचलावं. शितानं पाकिटं चिकटवलेली पिढी अजून हयात आहे, तिला विचारा. वाळलं की दोन पानं एक होतात, आणि पुढे तिथे कसर लागते.

ई-रीडर घेतला तर यातलं काहीच करावं लागत नाही. तो उघडाच असतो, कोपरानंही पान उलटता येतं आणि ओल्या फडक्यानं पुसता येतो. त्याच्याबद्दल तक्रार करायला काही नाही. म्हणूनच त्याच्याविषयी लिहायलाही फारसं नाही.

आता दुसरं ताट येण्याची शक्यता. येतं कधीकधी, आणि पहिले काही महिने पुस्तक आत जातं. बोलायला इतकं असतं की पोळी गार होते. नातं मुरलं की नाही हे पुढे कळतं, दोघंही पुस्तक घेऊन टेबलाशी बसतात आणि त्याबद्दल कुणाला वाईट वाटत नाही तेव्हा. पण तेव्हा टेबल मोजावं. ताट बारा इंचांचं, त्यापलीकडे उघडं डेमी, म्हणजे कादंबरीच्या नेहमीच्या आकाराचं, पुस्तक साडेआठ इंच खोल. एकाला साडेवीस, समोरासमोर दोघांना एकेचाळीस इंच. घरातलं घडीचं टेबल तीस इंच रुंद. पुस्तकं मधे एकमेकांवर चढतात, आणि आमटीची वाटी कुणाच्या तरी नायकावर. शेजारी शेजारी बसलं तर डावीकडे बसलेल्याचा खरकटा उजवा हात आणि उजवीकडच्याचा पान उलटणारा डावा हात एकाच जागेसाठी भांडतात. उरतो कोपरा. एकानं लांब बाजूला, एकानं रुंद बाजूला, काटकोनात. पुस्तकं भिडत नाहीत, लोणचं दोघांच्या हाताशी राहतं, आणि मधेच कुणी हसलं तर ‘काय गं, काय झालं?’ विचारायला मान थोडीशीच वळवावी लागते. वाळूच्या सुरळ्या मात्र चार लागतील.