जॅगरी

सांगलीच्या मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला गेलो, की अडत्याने रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, कोपरा फोडून हातावर ठेवलेला खडा मी आधी बोटांनी चुरडून पाहतो, कारण त्या रवाळ कणांतच ‘जॅगरी’ या इंग्रजी शब्दाचे मूळ आहे. संस्कृतातील ‘शर्करा’ म्हणजे बारीक खडे, रेव, आणि साखरही. हाच शब्द मल्याळममध्ये ‘चक्कर’ झाला, मलबार किनाऱ्यावर पोर्तुगिजांनी तो ‘जागरा’ असा उचलला आणि 16व्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत पोहोचला. दुसरी वाट फारसी ‘शकर’ आणि अरबी ‘सुक्कर’ यांवरून युरोपात गेली व तिथे ‘शुगर’ झाली. म्हणजे जॅगरी आणि शुगर या सख्ख्या बहिणीच. इंग्रजीत ताडाच्या रसाच्या गुळालाही जॅगरीच म्हणतात, त्यामुळे उसाच्या गुळाच्या पुड्यावर नुसते ‘जॅगरी’ छापणे मला अपुरे वाटते. आपला ‘गूळ’ मात्र संस्कृत ‘गुड’ म्हणजे गोळा यावरून आला. पाक उतरवण्याजोगा झाला का, हे पाहण्यासाठी गुऱ्हाळावरचा गुळव्या काहिलीतला थोडा पाक थंड पाण्यात सोडतो, तेव्हा त्याचीही गोळीच वळते.