ओव्हररेटेड वेगळा, डोक्यात जाणारा वेगळा

ओव्हररेटेड गिटारिस्ट म्हटलं की एरिक क्लॅप्टन या इंग्लिश गिटारिस्टचं नाव निघणारच आणि लगेच जुंपते. पण ओव्हररेटेड असणं आणि डोक्यात जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत राव. १९७६ ला बर्मिंगहॅमच्या स्टेजवरून तो स्थलांतरितांबद्दल जे बरळला ते वाचून माणूस मनातून उतरतोच, त्यावरूनच तर रॉक अगेन्स्ट रेसिझम ही वंशवादविरोधी चळवळ उभी राहिली, पण म्हणून क्रीम या बँडमधलं त्याचं वाजवणं फालतू ठरतं का? स्वीडिश गिटारिस्ट मालमस्टीनचं उलट, हात अफाट, १९८४ चा रायझिंग फोर्स अल्बम ऐका, पण सुरांचा नुसता भडिमार, श्वास घ्यायला जागा नाही. पिंक फ्लॉइडचा गिलमोर मात्र एकच तार सावकाश वर ओढतो आणि सूर जागेवर पोचेपर्यंत आपण ताटकळतो. (मेटालिकाच्या कर्क हॅमेटच्या वाह पेडलवर, म्हणजे गिटारला 'वाह-वाह' करायला लावणाऱ्या पायाखालच्या यंत्रावर, मी काही बोलणार नाही, मैत्र्या तुटतात.)