आधी माग, मग कचरा

सकाळी सातला तीस जण हातमोजे घालून पुळणीवर उतरले, की त्या दिवसाचे कासवांचे माग संपले. कोकणात कासवांवर लक्ष ठेवणं आणि कचरा मोजणं ही दोन कामं एकाच पट्ट्यावर, बऱ्याचदा एकच माणसं करतात. गणित चुकतं ते क्रमात. नोव्हेंबर ते मार्च हा ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या अंडी घालायला वर येण्याचा मुख्य काळ, पिल्लं निघणं मेपर्यंत चालतं. या महिन्यांत फटफटताना दोघांनीच भरतीच्या ओल्या रेषेलगत चालायचं. बाकीच्यांनी सुरूच्या बनाशी थांबायचं, मग ते कितीही उत्साही असोत.

वेळ ठरवायला पंचांग पुरतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा. गावागणिक अर्धा-एक तास इकडेतिकडे होतो, पण आखणी करायला एवढं चालतं. म्हणजे अमावास्या-पौर्णिमेला पहाटे ओहोटी असते. माग बघून झाले की पुळण पूर्ण रुंदीनं उघडी असतानाच कचरा मोजता येतो. अष्टमीला पहाटेच भरती, त्यामुळे माग सकाळी आणि मोजणी दुपारी, उन्हात. शक्यतो टाळाच.

ऑलिव्ह रिडलेचा माग साधारण ७० ते ८० सेंटीमीटर रुंद असतो. वल्ह्यांच्या, म्हणजे पोहायच्या चपट्या पायांच्या खुणा एकाआड एक पडतात, मधे शेपटीची रेघ नसते. खुणा समोरासमोर जोडीनं, मधे रेघ आणि रुंदी मीटरभर असेल तर ते हिरवं कासव. वाळू मागे लोटलेली असते, त्यावरून येण्याची आणि जाण्याची दिशा कळते. दोन्ही माग आहेत, पण मधे विस्कटलेली ओली वाळू नाही, तर मादी अंडी न घालताच परतली. तीही नोंद करायची. फोनवर ठिकाण घेऊन, फोटो काढून झाले की मागावर पायानं आडवी रेघ ओढायची. नाहीतर दुसऱ्या दिवशी तोच माग पुन्हा मोजला जातो.

इथून पुढे हात लावायचा तो फक्त वनविभागानं नेमलेल्या कासवमित्रानं. हा प्राणी वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे. परवानगीशिवाय अंडी हलवणं हा गुन्हा. अंडी शोधायला बोथट काठीनं वाळू चाचपताना काठी अचानक मऊ आत गेली की तिथंच थांबायचं. आणखी एक दाब दिला की वरची दोन-चार अंडी फुटतात, आणि त्या वासावर कुत्री-कोल्हे येतातच.

घरटं उधाणाच्या रेषेच्या वर असेल, राखण करणारं कुणी असेल, तर ते जागीच ठेवून जाळीचं कुंपण घालणं उत्तम. हलवायचंच तर अंडी घातल्यापासून पाच-सहा तासांच्या आत. त्यानंतर गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटू लागतो आणि अंडं फिरलं की तो मरतो. म्हणून अंडं ज्या बाजूनं वर होतं, त्याच बाजूनं बादलीत ठेवायचं. तळाशी त्याच खड्ड्यातली ओली वाळू, वरूनही तीच. बादली हातात न्यायची, मोटरसायकलवर नाही. मूळ खड्ड्याची खोली काढण्याआधी मोजून घ्यायची, ती साधारण दीड फूट भरते. हॅचरीत, म्हणजे अंडी राखायच्या कुंपणातल्या जागेत, तेवढाच खोल, मडक्यासारखा खड्डा करायचा, वर अरुंद आणि खाली फुगीर. सरळ नळीसारखा केला तर खालच्या अंड्यांवर भार येतो. अंडी ८० ते १५० निघतात. दोन खड्ड्यांत एक मीटर अंतर हवं. दरवर्षी हॅचरी तिथंच बांधू नका, जुन्या अंड्यांवरची बुरशी वाळूत राहते.

पिल्लू नर की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. २९-३० अंशांच्या आसपास दोन्ही निघतात, त्याहून गरम वाळूत माद्या वाढतात. ३३-३४ च्या वर पारा टिकून राहिला तर गर्भ दगावू लागतात. मार्चनंतरच्या खड्ड्यांवर नारळाच्या झावळ्यांचं छप्पर करतात ते याचसाठी. तापमापक अंड्यांच्या खोलीला हवा. वरच्या वाळूचं तापमान काहीच सांगत नाही. साधारण ४५ ते ६० दिवसांत पिल्लं येतात. चाळिसाव्या दिवसापासून खड्ड्यावर टोपली झाकून दर दोन तासांनी बघावं लागतं, कारण उन्हात अडकलेलं पिल्लू तासाभरात सुकतं. ती पाण्यात सोडायची नाहीत. ओल्या वाळूवर, लाटेपासून काही मीटर अलीकडे, पहाटे किंवा संध्याकाळी ठेवायची आणि चालू द्यायची. दोन-तीन दिवसांनी खड्डा उकरून कवचं मोजायची. अर्ध्याहून मोठा तुकडा म्हणजे एक. ११० अंड्यांत ८८ कवचं भरली तर यश ८० टक्के, पण खड्ड्यातच मेलेली पिल्लं वेगळी लिहायची.

आता कचरा. १०० मीटरचा एकच पट्टा ठरवा, दोन्ही टोकांना न हलणारी खूण हवी. खुंट्या पहिल्या पावसात जातात, खडक किंवा बंधारा बरा. मोजणीच्या दोन पद्धती आहेत. एक, पट्ट्याचे पाच-पाच मीटरचे वीस भाग करून चिठ्ठ्या टाकून चार निवडायचे, पाण्यापासून पुळणीच्या वरच्या कडेला पसरलेल्या मर्यादवेलीपर्यंत मोजायचं आणि काहीही उचलायचं नाही. दुसरी, सगळा पट्टा साफ करायचा आणि दर २८ दिवसांनी नव्यानं काय साचलं ते मोजायचं. अमावास्येला धरलं तर आपोआप जवळपास तेवढंच अंतर पडतं. दोन्ही एकत्र केल्या की आकडे कशाशीच ताडता येत नाहीत, आणि नेमकं तेच होतं.

अडीच सेंटीमीटरहून लहान तुकडे या मोजणीत नाहीत. पुळणीची रुंदी दर वेळी मोजा: ४० मीटर असेल तर पाच मीटरचा भाग २०० चौरस मीटर, ५० वस्तू सापडल्या तर चौरस मीटरला पाव. वजनावर मात्र फारसा विश्वास ठेवू नका. ओल्या जाळ्यात आत वाळूच अधिक असते. गोण्यांच्या ढिगापुढचे फोटो छान येतात, पण त्यातून कळत काहीच नाही.

वाळूत रुतलेलं जाळं ओढू नये. दिसेल तेवढं विळ्यानं कापायचं, आस, म्हणजे जाळ्याच्या भोकाचं माप, मोजून लिहायची. जोर लावला की अर्धं तुटून खाली राहतं, आणि शेजारी घरटं असलं तर तेही हलतं. नोव्हेंबर ते मे पुळणीवर ट्रॅक्टरचं फावडं चालवून सफाई करणाऱ्यांना थांबवणं हेही याच कामात येतं.

मेलेलं कासव किंवा डॉल्फिन दिसला तर वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवायचं. कासवाची लांबी लवचिक फितीनं पाठीच्या वळणावरून मोजतात, डॉल्फिनची सरळ रेषेत, वरच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत. ताजं, फुगलेलं, सडलेलं की नुसती हाडं, हेही लिहायचं. वनविभागाच्या संमतीनं कवचावर रंगाचा ठिपका लावावा; भरती तेच कासव नेऊन दोन किलोमीटरवर टाकते आणि ते दुसरं म्हणून मोजलं जातं. जिवंत, थकलेलं कासव पुन्हा समुद्रात ढकलू नका, पाण्याच्या टबातही ठेवू नका, डोकं वर धरायची ताकद नसेल तर बुडतं. सावली आणि पाठीवर ओलं फडकं पुरे. जिवंत डॉल्फिनला पोटावर सरळ ठेवायचं, डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्रात पाणी जाऊ द्यायचं नाही, शेपटीला धरून तर मुळीच ओढायचं नाही.

वही पेन्सिलीनं लिहा, खाऱ्या हवेत शाई फुटते. काहीच सापडलं नाही त्या दिवशी तारीख, वेळ, किती अंतर चाललो आणि शून्य. हे शून्य लिहायचा कंटाळा केला, की वर्षाअखेर कासवं आली नाहीत की माणसं गेली नाहीत, ते सांगता येत नाही. पावसाळ्याच्या तोंडाला नैऋत्य वाऱ्यानं डांबराचे गोळे येऊ लागतात. ते मोजायचे, शक्यतो तुडवायचे नाहीत. पायाला चिकटलेच तर खोबरेल तेल चोळून फडक्यानं पुसा. रॉकेलनं डांबर निघतं, पण कातडीही भाजते.