नॉमिनीचा रकाना

‘निरोगी मुलगे पाहिजेत. वय १८ ते ४५. चार दिवस राहणं-जेवण फुकट, १४ हजार रोख. मुंबई. रजिस्ट्रेशन ५०० रु. जीपे करा.’

औषधाच्या चाचणीसाठी माणसं शोधणारा हा मेसेज शेजारच्या पोराने मला आणून दाखवला, कारण मी गोव्यात वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात आहे. आमच्या वाड्यावर कोणी नवी गोळी सुरू केली की आधी मला विचारतात. मी क्यूसीत, म्हणजे गोळ्यांचा दर्जा तपासायच्या विभागात आहे, डॉक्टर नाही, हे सांगून सांगून दमले. पोराच्या बापाचा ट्रक खाणींवर चालायचा. २०१२ ला खाणी थांबल्या, पुन्हा कशाबशा सुरू झाल्या, २०१८ ला परत थांबल्या, आणि ट्रक गेला तो गेलाच. पोरगा २४ वर्षांचा, आयटीआय झालेला, आज या कंत्राटदाराकडे तर उद्या त्या. १४ हजार म्हणजे त्याचा जवळजवळ महिन्याचा पगार. ‘असल्या भानगडीत पडू नकोस’ एवढं म्हणून दार लावून घेणं मला सोपं होतं. पण तो गप्प बसला नसता, मला न विचारता गेला असता.

म्हणून पहिल्यांदा ते पाचशे रुपये. खऱ्या चाचणीत पैसे तुम्हाला मिळतात, तुमच्याकडून कोणी मागत नाही. मेसेजमध्ये औषधाचं नाव नव्हतं, केंद्राचं नव्हतं, कुठल्या एथिक्स कमिटीने, म्हणजे चाचणीतल्या माणसांचं हित बघणाऱ्या समितीने मान्यता दिली तेही नव्हतं. तो नंबर त्याच्यासमोरच ब्लॉक करायला लावला.

“पण काकी, असली कामं असतात तरी का?”

असतात. माझं अर्धं आयुष्य डिझोल्यूशनच्या मशीनपुढे गेलं. काचेच्या भांड्यात ३७ अंशांवर गोळी फिरत असते आणि ती किती मिनिटांत किती विरघळली हे आम्ही मोजतो. पण भांड्याला आतडी नसतात. आमची गोळी आणि मूळ कंपनीची गोळी माणसाच्या रक्तात सारख्याच वेगाने, सारख्याच प्रमाणात पोचते का, हे माणसालाच देऊन बघावं लागतं. तीच बायोइक्विव्हॅलन्सची चाचणी, आमच्या भाषेत ‘बीई’. १९८४ ला अमेरिकेत कायदा आला की जेनेरिक, म्हणजे मूळ औषधाचीच गोळी नंतर बनवणाऱ्या कंपनीने सगळ्या चाचण्या पहिल्यापासून करायला नकोत, एवढं सिद्ध केलं तरी चालेल. मूळ गोळीशी तुलनेचा आकडा साधारण ८० ते १२५ टक्क्यांच्या पट्ट्यात बसला पाहिजे. त्यासाठी दोन-तीन डझन निरोगी माणसं लागतात. त्यांना या औषधाचा काडीचा उपयोग नसतो, म्हणून त्यांच्या वेळेचे आणि त्रासाचे पैसे देतात. गोळ्या गोव्यात भरपूर बनतात, पण असली केंद्रं बहुतेक अहमदाबाद, हैदराबाद, मुंबईकडे.

गोव्यात चाचण्या होतच नाहीत असं नाही. २०२० ला कोव्हॅक्सिनच्या पहिल्या टप्प्यासाठी जी बारा ठिकाणं निवडली त्यात पेडण्यातल्या धारगळचं रेडकर हॉस्पिटल होतं. आणि पर्वरीच्या ‘संगथ’ या संस्थेने आपल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यावरची एक चाचणी केली. त्यात गोळीच नव्हती, प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांनी केलेलं समुपदेशन होतं. ते उपयोगी पडलं आणि निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. पण रुग्णांवरच्या चाचणीतून कमाई होत नाही. औषध आणि तपासण्या फुकट, जाण्यायेण्याचं भाडं, थोडाफार बुडालेल्या दिवसाचा भत्ता. कमाई म्हणून जे बघतात ते निरोगी माणसांवरच्या चाचण्याच.

शोधायचं कुठे? आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची सीटीआरआय नावाची चाचण्यांची नोंदवही आहे, इंटरनेटवर कोणालाही फुकट बघता येते. २००७ ला सुरू झाली आणि २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद सक्तीची झाली. प्रत्येक चाचणीला सीटीआरआय, वर्ष, महिना असा क्रमांक असतो. आत औषध, केंद्रं, डॉक्टर, कोणाला घेणार, कोणाला नाही, भरती चालू की बंद, सगळं दिलेलं असतं. मला स्वतःला सगळ्यात उपयोगी वाटतो तो एथिक्स कमिटीचा रकाना. मान्यता मिळाली की अजून बाकी, ते तिथे कळतं. परदेशी विकायच्या गोळीची प्रत्येक बीई मात्र तिथे सापडेलच असं नाही. तेव्हा केंद्र सीडीएससीओकडे, म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रकाकडे नोंदलेलं आहे का ते विचारायचं. त्याला तसंच एक नोंदलेलं केंद्र सापडलं. त्यांच्याकडे थेट नाव घातलं, एजंट मध्ये नाही. तपासणीला बोलावलं: रक्त, लघवी, ईसीजी, एक्सरे, वजन-उंची, दारूसाठी फुंकर. फुंकरीचं ऐकून त्याचा बाप हसला.

तपासणीच्या आधी त्याने संमतीपत्राचा फोटो पाठवला. हिंदीत होतं. मी म्हटलं, मराठी माग. आपल्याला समजेल त्या भाषेत ते देणं बंधनकारक आहे, आणि त्यांच्याकडे मराठी प्रत तयारही होती. तो मधल्या सुट्टीत घरी आला तेव्हा आम्ही ते जेवणाच्या टेबलावर पसरलं. तो थेट पैशाच्या पानाकडे वळला. मी त्याला मागे आणलं, आधी औषध बघ. रक्तदाबाची जुनी गोळी होती, बाजारात वर्षानुवर्षं मिळणारी. हे महत्त्वाचं. २००६ ला लंडनमध्ये एक अगदी नवं औषध पहिल्यांदाच माणसांना दिलं, थोड्या-थोड्या मिनिटांच्या अंतराने सहा निरोगी पुरुषांना, आणि काही तासांत सहाही जण आयसीयूत. वाचले, पण मरता मरता. ‘निरोगी माणसं पाहिजेत’ एवढंच वाचलं तर ती चाचणी आणि ही चाचणी सारखीच दिसते. हे औषध याआधी माणसाने घेतलंय का, हा प्रश्न पैशाच्या आधी विचारायचा.

मग पैशाचं पान. मध्येच सोडलं तर? केलेल्या भागाचे मिळतील असं लिहिलं होतं. तसं नसतं, ‘पूर्ण केलं तरच’ असं असतं, तर मी त्याला पाठवलं नसतं.

शेवटच्या पानावर शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि त्याखाली नॉमिनीचं नाव, नातं, पत्ता. त्याची आई तोवर चहा घेऊन येऊन उभी होती. “नॉमिनी कशाला?” कोणी काही बोललं नाही. मग मलाच सांगावं लागलं. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट, आणि जीवच गेला तर भरपाई नॉमिनीला. २०१९ च्या नियमांत त्याचं सूत्र दिलेलं आहे: मूळ रक्कम ८ लाख, मग वय आणि आधीचा आजार बघून गुणायची. निरोगी तरुणाची रक्कम मोठी येते. मी मोबाइलवर हिशेब केला, २४ वर्षांच्या मुलाचे सत्तर लाखांच्या आसपास. आई म्हणाली, “माझ्या पोराची किंमत मला सांगू नकोस.” आणि आत गेली. नॉमिनीत तिचंच नाव घातलं.

बरोबर नेण्यासारखं काही नव्हतं, पण टाळण्यासारखं होतं. चहा-कॉफी बंद, चॉकलेट बंद, ग्रेपफ्रूट बंद. ग्रेपफ्रूट आतड्यातलं औषध मोडणारं एन्झाइम अडवतं, म्हणून रक्तात औषध जास्त चढतं. त्याचंच भावंड आपलं तोरंजन, म्हणजे पपनस. चतुर्थीला त्यांच्या माटोळीत, गणपतीच्या वर फळं बांधतात त्यात, दोन लटकत होती आणि हा पोरगा ती सोलून खायला टपलेला. मी दोन्ही उचलून आमच्याकडे आणली.

तिथे रात्रभर उपास, सकाळी हातात सुई बसवलेली, २४० मिलीलीटर पाण्याबरोबर गोळी, मग नर्स टॉर्च लावून तोंड बघते, जिभेखालीसुद्धा, गोळी लपवली तर नाही ना. पुढे ठरलेल्या वेळेला रक्त, पहिले काही तास तर सारखंच. जेवण सगळ्यांना एकसारखं, ताटातलं सगळं संपवायचं. डाळ अगदीच पाणी होती म्हणाला. मग काही दिवस घरी आणि पुन्हा तेच, फक्त गोळी दुसऱ्या कंपनीची.

पैसे बँकेत आले. महिना झाला नाही तोच तो पुन्हा माझ्या दारात, दुसऱ्या केंद्राची चौकशी करत. बहुतेक ठिकाणी मागच्या चाचणीनंतर तीन महिने घेत नाहीत. रक्त भरून यायला हवं आणि आधीचं औषध पुढच्या निकालात मिसळायला नको. काही पोरं हे लपवून दुसरीकडे जातात, म्हणून आता कित्येक केंद्रं बोटांचे ठसे घेतात. “ठसे घेत नाहीत असं एक आहे म्हणे,” तो म्हणाला.

“तर मग तिथे मुळीच नको,” मी म्हटलं, आणि त्याचं ते सही केलेलं संमतीपत्र आईकडे ठेवायला दिलं. त्यावर एथिक्स कमिटीचा फोन नंबर आहे. कधी चक्कर आली, काही झालं, तर आधी तोच लावायचा.